लाँड्रीचा बोर्ड

१२ मार्च

पेंटरसाहेब,

'बाबा' असं लिहून दोन कागद फाडले, म्हणून हे असं. सगळी गल्ली तुम्हाला याच नावाने हाक मारते, मीही मारली तर काय बिघडलं.

फोन आत्या उचलते, "तो कामावर गेलाय" म्हणते आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र. आत्या ते फोडेल, चष्मा लावेल आणि तुम्ही 'नको' म्हणत असताना मोठ्याने वाचून दाखवेल, एवढा तिच्यावर विश्वास आहे.

चार तारखेचं प्रकरण मी निस्तरलं, हे कळवायचं होतं. पोलिसात तक्रार गेलेली नाही. सुरक्षा विभागाच्या वहीत फक्त 'एक वृद्ध इसम, बहुधा मानसिक अस्वस्थ' अशी नोंद आहे. हे शब्द माझे नाहीत. पण मी ते खोडायलाही गेले नाही, कारण त्या शब्दांमुळेच तुम्ही सुटलात.

तुम्हाला कल्पना तरी आहे का, तुम्ही काय केलंत? विद्यापीठाच्या संग्रहालयात प्रदर्शनाचं उद्घाटन. संचालक आहेत, पाहुणे आहेत, माझ्या मार्गदर्शक बाई आहेत, ज्यांच्या हातात माझी एम.ए.ची पदवी आहे आणि त्यानंतरची नोकरीही. आणि रंगाचे डाग पडलेला शर्ट घातलेला एक माणूस दोरीच्या आत जातो, पिशवीतून काळ्या रंगाचा डबा काढतो, खिशातून दोन नंबरचा ब्रश काढतो आणि भिंतीवर टांगलेल्या बोर्डाच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहायला लागतो! कलेच्या इतिहासाच्या वर्गात आम्हाला दोन वर्षं एकच गोष्ट शिकवली: वस्तूला हात लावायचा नाही. आम्ही सुती हातमोजे घालून वहीचं पानसुद्धा उलटतो.

बोर्ड तुम्हीच रंगवलाय, हे मला माहीत आहे. बावीस वर्षांचे होतात, लाँड्रीवाल्या काकांनी पहिलं काम दिलं, निळ्या रंगावर पांढरी चादर झटकणारी बाई काढलीत, आणि लाँड्री बंद पडल्यावर तोच पत्रा घरी आणलात. लहानपणापासून शंभरदा ऐकलंय. पण संग्रहालयात जो चित्रकार कागदोपत्री सिद्ध होत नाही, त्याच्या चित्राखाली 'अज्ञात चित्रकार' असंच लिहितात. तो अपमान नसतो, पद्धत असते.

आणि एक विचारू? चाळीस वर्षं एकाही बोर्डावर तुम्ही सही केली नाहीत. मी विचारलं की म्हणायचात, "नाव दुकानदाराचं असतं गं, आपलं काय काम तिथे?" मग नेमकं त्याच दिवशी, त्याच भिंतीवर कसं सुचलं?

पेपरात बोर्डाचा फोटो आला, खाली 'अज्ञात चित्रकार' वाचलंत, तर आधी मला विचारायचं होतंत. मी समजावून सांगितलं असतं.

आत्याला सांगा, खोकल्याचं औषध संपलं असेल तर कळव.

— मुलगी


१९ मार्च

बाबा,

उत्तर नाही. ठीक. आत्या म्हणाली, पत्र ऐकून तुम्ही "वाचून झालं? मग दे इकडे" म्हणालात आणि त्या कागदावर ब्रश पुसलात. कागद बरा होता, शाई न फुटणारा.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. 'समजावून सांगितलं असतं' असं लिहिलं, पण समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. बोर्ड न्यायला आले तेव्हा मी म्हणाले होते, कॉलेजच्या कामाला हवाय, दोन महिन्यांत परत आणून देते. तुम्ही स्वतः गोणपाटात गुंडाळून दिलात आणि म्हणालात, "कोपरा जपून, बसमध्ये कोणाला लागेल." त्याला आता चौदा महिने झाले.

संग्रहालयाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, वस्तू कुठून आली याचा. मी तिथे लिहिलं, 'जुन्या बाजारातील भंगार व्यापाऱ्याकडून प्राप्त.' व्यापाऱ्याचं नाव आठवत नाही, असंही लिहिलं.

का, ते सांगते. पहिल्या वर्षी, पहिल्याच आठवड्यात बाईंनी वर्गात विचारलं, "आयुष्यात पहिलं चित्र तुम्ही कुठे पाहिलंत?" एकीच्या आजोबांकडे चित्रांचा संग्रह होता. एक जण सातव्या वर्षी आईवडिलांबरोबर परदेशातल्या संग्रहालयात गेला होता. माझी पाळी यायला तीन जण बाकी होते आणि मी मनात जुळवत होते: आमच्या घराच्या ओट्यावर, पत्र्यावर, माझ्या वडिलांनी काढलेलं. मी वाक्य अगदी तयार केलं होतं, बाबा. तेवढ्यात शेजारचा मुलगा म्हणाला, "मी तर सलूनच्या बोर्डावर पाहिलं. हिरोचा एक डोळा कपाळात आणि एक गालावर!" सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. मीही हसले. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "ग्रंथालयातल्या पुस्तकात."

एकदा ग्रंथालय म्हटलं की पुढे सगळं तसंच म्हणत राहावं लागतं. वडील काय करतात? छपाईच्या व्यवसायात आहेत. तुम्हाला ज्या फ्लेक्सवाल्यांनी देशोधडीला लावलं, त्यांच्याच रांगेत मी तुम्हाला नेऊन बसवलं.

मग त्याच वर्षीच्या दुसऱ्या सत्रात बाईंनीच हाताने रंगवलेल्या बोर्डांवर प्रदर्शन करायचं ठरवलं. लोप पावत चाललेली कला वगैरे. ज्यांनी सलूनच्या बोर्डावर हसून घेतलं होतं ते सगळे बोर्ड शोधत फिरायला लागले. मदतनीस म्हणून एकालाच घ्यायचं होतं, आणि मी लाँड्रीचा बोर्ड पुढे ठेवला. बाई त्याच्यासमोर दहा मिनिटं उभ्या होत्या. "चादरीच्या घडीतली ही सावली बघ," म्हणाल्या, "हा माणूस शिकला असता तर कुठे गेला असता!" मी म्हणाले, "हो ना."

त्या 'हो ना'वर मला जागा मिळाली.

लहानपणी तुम्ही मला 'मास्तर' म्हणायचात. शिडीवरून ओरडायचात, "मास्तर, बघा हो, 'दुरुस्ती'तला दु ऱ्हस्व की दीर्घ?" आणि मी खालून, दप्तर पाठीला, सगळ्या रस्त्यासमोर तुमच्या चुका काढायचे. तेव्हा लाज कोणालाच नव्हती, ना तुम्हाला, ना मला. ती मी पुढे शिकून मिळवली.


२ एप्रिल

बाबा,

आज फक्त कामाचं लिहिते. तुम्हाला रस वाटेल असं.

तुम्ही लिहिलेलं नाव काढायचं काम मला दिलं. आमच्याकडे संवर्धन शिकवणारे एक सर आहेत, त्यांच्या खिशात कायम कापसाचे बोळे असतात, मुलं त्यांना कापूससर म्हणतात. ते म्हणाले, "रंग ताजा आहे, वर्षभर मुरलेला असता तर जड गेलं असतं. तुझ्या प्रात्यक्षिकाचे गुणही यातच धरू." म्हणजे तुमचं नाव पुसायचे मला गुण मिळणार होते.

बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा. द्रावणात बुडवायचा, टिपकागदावर जास्तीचं टिपून घ्यायचं आणि बोर्डावर घासायचा नाही, फक्त फिरवायचा. प्रत्येक फेरीला नवा कापूस. डोळ्याला भिंग. तुमच्यासारखं टर्पिनचं फडकं मारून मोकळं व्हायचं नसतं.

भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं, रखवालदार ओढत असतानाही तुम्ही पहिल्या तीन अक्षरांना सावली दिली होतीत. उजव्या बाजूला, खाली, राखाडी. राखाडी रंग आणला कुठून? काळ्यात भिंतीचा चुना मिसळलात? शेवटचं अक्षर अर्धं राहिलं होतं. मी त्या अर्ध्यापासून सुरुवात केली आणि उलट्या दिशेने आले. दोन दिवस लागले. कापूससर भिंग लावून बघून म्हणाले, "उत्तम. इथे कधी काही होतं हे शपथेवरही कोणी सांगू शकणार नाही."

चार तारखेचं मी अजून लिहिलेलं नाही. आत्या हे मोठ्याने वाचत असेल तर तिला म्हणावं, इथून पुढे मनात वाच.

रखवालदाराने तुमचा दंड धरला होता. डबा लवंडून फरशीवर काळं सांडलं होतं. बाई धावत आल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, विचारलं ते रखवालदाराने. तुम्ही मला बघून नुसती मान हलवलीत, आपण रस्त्यात भेटलो की हलवायचात तशी. ते त्याने पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, ओळखता का यांना?"

मी "नाही" म्हणाले.

घाबरून नाही, बाबा. घाबरून निघालं असतं तर मी ते घाबरण्यावर ढकललं असतं. मला विचार करायला वेळ होता. मी तुमच्या चपलांकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, मग म्हणाले. वर आणखी म्हणाले, "पहिल्यांदाच बघतेय."

आणि तुम्ही रखवालदाराला म्हणालात, "खरं बोलतायत बाई. आमची काही ओळख नाही." शांतपणे म्हणालात. त्याच्या हातातून दंड सोडवून घेतलात, वाकून डब्याचं झाकण उचललंत आणि सांडलेल्या रंगाकडे बघून म्हणालात, "रॉकेल असेल तर द्या, डाग राहील." कोणीच काही दिलं नाही.

मी तुम्हाला नाकारलं, हे कबूल करायला चार आठवडे लागले. पण त्याहून जास्त राग मला तुमचा येतो. माझी लाज मला सांभाळू द्यायची होती. ओरडायचं होतंत, 'माझी पोरगी आहे ही' म्हणायचं होतंत. तुम्ही मला सोडवलंत, आणि सोडवलेल्या माणसाला मान वर करता येत नाही.


१८ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर. माझ्याच पत्राच्या पाठीवर जाड ब्रशने तीन शब्द: 'बोर्ड परत पाठव.' अक्षर मात्र सुरेख आहे. पोस्टमननेही वाचलं असणार, रंग पाकिटाच्या बाहेर उमटला होता.

तो परत पाठवता येत नाही. मी सांगायचं टाळत होते. डिसेंबरात मी दानपत्रावर सही केली. प्रदर्शनातली सगळ्यात चांगली वस्तू संग्रहालयाच्या कायमच्या ठेव्यात असावी, असं बाई म्हणाल्या, आणि मी तुमची वस्तू माझी म्हणून देऊन टाकली. मागच्या बाजूला, जिथे गंजाचा नकाशा झालाय, तिथे आता लाल लाखेने नोंदणी क्रमांक घातलाय. त्यांच्या वहीत एकदा आत गेलेली वस्तू बाहेर काढायला समिती बसते, आणि समिती कधी बसत नाही.

तुमचे तीन शब्द वाचल्यावर मी बाईंकडे गेले. काही लपवलं नाही. भंगारवाला कोणी नाही, तो माझ्या वडिलांचा बोर्ड आहे, आणि त्या दिवशी आले होते ते माझे वडील होते. मला वाटलं, त्या खुर्चीवरून उठतील, ओरडतील. मी तयारीने गेले होते.

बाईंनी चष्मा काढला. "तू हे आत्तापर्यंत मला सांगितलं नाहीस?" म्हणाल्या. "अगं, हे सोनं आहे!"

मग त्या फेऱ्या मारायला लागल्या. चित्रकार जिवंत आहे, कामात आहे, आणि त्याची मुलगी स्वतः अभ्यासक! माझ्या प्रबंधाची दिशाच बदलायची. तुमची मुलाखत ध्वनिमुद्रित करायची. शिडीवरचे फोटो. पाटी बदलून तुमचं नाव घालायचं, खाली बारीक अक्षरात माझं. "आणि त्यांनी येऊन सही करणं, ही तर विलक्षण घटना! चित्रकाराने संग्रहालयाला दिलेलं उत्तर!" मग एकदम थांबल्या. "ती सही आहे ना अजून?"

कापूससरांना बोलावलं. ते म्हणाले, फार नीट काढली हिने, काही उरलं नाही. बाईंनी कपाळाला हात लावला. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वारसा जाळलाय. पंधरा दिवसांपूर्वी त्याच कामाला त्यांनी दहापैकी नऊ गुण दिले होते.

"हरकत नाही," मग म्हणाल्या, "त्यांना परत बोलावू. कॅमेऱ्यासमोर पुन्हा करतील."

मी त्यांना काय म्हणाले ते विचारा. विचारू नका, सांगते. "विचारून बघते," म्हणाले. पंधरा सेकंद मला ते खरंच शक्य वाटलं. तुम्ही धुतलेला शर्ट घालून येताय, बाई हात जोडतायत, मी तुमचा डबा धरलाय. सोळाव्या सेकंदाला मी जिना उतरत होते.

हे पत्र विचारण्यासाठी नाही. पण तुम्ही येणार असाल तर तेही कळवा. बघा, लिहिलंच शेवटी.


९ मे

बाबा,

आत्याने फोनवर सांगितलं. ती वाचत होती, कॅमेऱ्यापर्यंत आली आणि तुम्ही हसलात. "चांगलं हसला की गं, पोट धरून," म्हणाली. "मला वाटलं निवळलं आता." मग तुम्ही शिडी खांद्यावर टाकलीत आणि न जेवता निघून गेलात. ते हसणं निवळल्याचं नव्हतं, हे आत्याला कळलं नाही, मला कळलं.

तर आता ऐका. बोर्ड येतोय. एकवीस तारखेला, सकाळी. दोन माणसं गाडी घेऊन येतील, लाकडी खोका असेल, आत फोम. खोका त्यांना परत द्यायचा.

वाट एकच होती. नियमात लिहिलंय, वस्तू मूळ मालकाच्या परवानगीशिवाय आणलेली असल्याचं सिद्ध झालं तर ती परत करणं बंधनकारक आहे. म्हणून मी लेखी दिलं की मी ती आणली, खोटं बोलून. या वेळी समिती चार दिवसांत बसली.

तिघे होते. मधले गृहस्थ सारखे पाणी पीत होते. म्हणाले, "म्हणजे तुम्ही चोरी कबूल करताय?"

"दोन महिन्यांसाठी म्हणून आणली होती. परत दिली नाही. दुसऱ्याला देऊन टाकली. तुम्हीच शब्द निवडा."

"वडील तक्रार करतायत का?"

"वडील माझ्याशी बोलत नाहीत."

"मग कोण तक्रार करतंय?"

"मी."

बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. शेवटी त्या एकच वाक्य बोलल्या, तेही माझ्याकडे न बघता. "मी हिच्यासाठी सहायकाच्या जागेची शिफारस लिहिली होती, ती मागे घेते." बाहेर व्हरांड्यात मला गाठून मात्र मोकळ्या झाल्या. "स्वतःच्या बापाला पाटीवर आणायची संधी होती. ती सोडून तू माझं प्रदर्शन चोरीच्या मालाचं करून ठेवलंस. हे त्यांच्यासाठी केलंस असं समजू नकोस. तुला फक्त स्वतःला शिक्षा करून घ्यायची होती." विचार करत बसले, पण त्यांना खोटं पाडता आलं नाही.

प्रबंध स्वीकारणार नाहीत. दोन वर्षांचं काम. विभागाच्या फलकावर माझ्या नावापुढे 'रोखून ठेवले' असं लिहिलंय. ओळखपत्र जमा केलं. कापूससर तेवढे दारापर्यंत आले, म्हणाले, "हात चांगला आहे तुझा, कुठेही पोट भरशील." एवढं तरी कोणी बोललं.

आता झालं ना तुमच्या मनासारखं? तीन शब्द लिहिलेत आणि माझं सगळं काढून घेतलंत. मला आभार नकोत. पण माणसं बोर्ड उतरवून गेली की एक फोन करा. पोचला, एवढंच म्हणा. मी उचलून ठेवेन, काही विचारणार नाही.

लाल क्रमांक मीच काढला, कापसाने. मागे आता नुसता गंज आहे, तुमचा होता तसा.


२६ जुलै

बाबा,

फोन आला नाही. आत्याने कळवलं, बोर्ड सुखरूप आलाय, ओट्यावर ठेवलाय, तू काळजी करू नकोस. त्यानंतर तिला प्रत्येक फोनवर विचारलं, बाबा काय म्हणाले? ती दर वेळी पावसाचं सांगते.

मी आता फ्रेम करणाऱ्या एकाच्या दुकानात काम करते. लोकांचे लग्नाचे फोटो, कुत्र्यांचे फोटो, पोरांच्या पदव्या. पदव्या जास्त असतात. मालक म्हणतो, माझ्यासारखी काटकोनात पट्टी कापणारी त्याला मिळाली नव्हती.

मंगळवारी दुकान बंद असतं. परवाच्या मंगळवारी मी आले होते.

बसमधून उतरून आपल्या गल्लीच्या तोंडाशी आले, तर चावीवाल्याच्या टपरीवर नवा बोर्ड. पिवळ्या रंगावर तांबडी अक्षरं, खाली चाव्यांचा जुडगा, प्रत्येक चावीवर उजेडाचा एकेक पांढरा ठिपका. तुमचा हात मला अर्ध्या मैलावरून ओळखू येतो. छान झालाय, असं मनात म्हणत जवळ गेले आणि मग डावा खालचा कोपरा दिसला. तो आत वळलेला आहे, आणि त्याच्या वर दोन बोटांवर गोळी लागल्यासारखा पोचा आहे. संग्रहालयात वस्तू आली की तिची प्रत्येक जखम मोजून लिहून ठेवतात. या पत्र्याच्या मी मोजल्या होत्या. एकूण अकरा. टपरीसमोर उभं राहून मी त्या परत मोजल्या. अकरा.

चावीवाल्याने मला ओळखलं नाही, बरं झालं. तो माझ्या वेळचा नाही. मी त्याला म्हणाले, बोर्ड छान आहे.

"आहेच," म्हणाला. "इथल्याच पेंटरने केलाय. म्हातारा आहे, पण फ्लेक्सवाल्यांना पाणी पाजेल."

"पत्रा जुना दिसतोय."

"जुनाच. त्याच्या दारातच होता हो. चांगलं चित्र होतं त्यावर, एक बाई कपडे वाळत घालतेय की काय. महिनाभर तो रोज त्याच्यासमोर बसून चहा प्यायचा. मी बोर्ड करायला सांगितला, तर दुसऱ्या दिवशी बघतो, अख्ख्याला पांढरा प्राइमर मारलेला. मी म्हटलं, अहो पेंटर, एवढं चित्र पुसलंत कशाला?"

"मग?"

"म्हणाला, पत्रा चांगला आहे."

तो हसला, म्हणून मीही हसले. मग त्याने विचारलं, चावी करायचीय का. मी नाही म्हणाले.

बाबा, त्या पत्र्यापायी मी पदवी घालवली. तुम्हाला ते माहीत होतं, मी लिहिलं होतं, आत्याने वाचलं होतं. मला वाटलं होतं तो भिंतीवर लागेल. निदान दारामागे, जुन्या जागी. तुम्ही त्याच्यावर काम केलंत, त्याला रस्त्यावर टांगलंत आणि पुढच्या बोर्डाला लागलात. मी चीड चीड चिडले. मला तुमच्या समोर येऊन विचारायचं होतं की तुम्ही सूड घेतलात, की तुम्हाला खरंच एवढंच वाटलं, की पत्रा आहे आणि गिऱ्हाईक आहे. दोन्हीतलं कुठलं जास्त लागेल, तेही मला सांगता येत नव्हतं.

जिन्यापर्यंत आले. वर तुमचा रेडिओ चालू होता आणि खोकला होता. आत्या कोणाला तरी "पाय पूस आधी" म्हणत होती, बहुतेक तुम्हालाच. दहा पायऱ्या आहेत. मी चौथीवर बसले, रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत. मग उतरले, मागच्या बोळातून बाहेर पडले, म्हणजे टपरीवरून परत जायला नको.

आत्याला सांगू नका मी येऊन गेले ते. हे पत्र मी तुमच्या नावाने, तुम्ही रंग घेता त्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे ते तुम्हाला स्वतःच वाचावं लागेल. तिला वाईट वाटेल, चौथ्या पायरीवरून फिरले म्हणून. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्हाला वाटणार नाही, असं मी धरून चाललेय.